गोळी विरघळते म्हणजे नेमके काय होते?
(आणि उरलेल्या गोळ्या आपण का घेत नाही)

मंडळाने औषधोपचारासाठी मदतीचे आवाहन केले की एक गोष्ट हमखास घडते. कोणीतरी अगदी प्रेमाने एक कॅरीबॅग घेऊन येते. आत अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिप्स, एखादी कॅप्सूलची बाटली, कधी तर नुसत्याच कागदात गुंडाळलेल्या गोळ्या. "अहो, एक्स्पायरीला अजून आठ महिने आहेत. कुणा गरिबाला तरी उपयोगी पडतील!" आणि आपले कार्यकर्ते ती पिशवी परत करतात. गेल्या वेळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका वहिनींना याचा राग आला. तो रास्तही होता, कारण 'आम्ही औषधे घेत नाही' एवढेच त्यांना सांगितले गेले, का घेत नाही ते कुणी सांगितलेच नाही. ते सांगण्यासाठी हा लेख. आधी थोडे शास्त्र, मग पिशवीकडे येतो.

आजीची सहाण

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी बाळगुटी मिळालेली असते. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, खारीक, सगळे सहाणेवर उगाळायचे आणि ते वेढे मोजून. जायफळाचा जेमतेम एक वेढा, बाळाला झोप जास्त यायला नको म्हणून. गुटी द्यावी की नाही हा वाद आपण बालरोगतज्ज्ञांवर सोडू. पण आजीच्या त्या कृतीत दोन गोष्टी अचूक होत्या. वेढे मोजणे म्हणजे मात्रा ठरवणे, आणि उगाळणे म्हणजे औषध लवकर विरघळेल असे करणे. जायफळाचा अख्खा तुकडा दुधात रात्रभर टाकून ठेवला तरी उगाळलेल्या एका वेढ्याएवढा उतरणार नाही.

हे घरी करून बघायचे असेल तर तीन ग्लास पाणी घ्या. एकात खडीसाखरेचा खडा, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची साधी साखर, तिसऱ्यात पिठीसाखर. पदार्थ तोच, वजन तेच. पिठीसाखर बघता बघता नाहीशी होते आणि खडा तळाशी बसून राहतो. कारण सोपे आहे. पाणी फक्त बाहेरच्या बाजूला लागते, आत नाही. १ सेंमीच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंमी असतो. त्याच घनाचे १ मिमीचे तुकडे केले तर १००० तुकडे होतात आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६० चौरस सेंमी होतो. दहापट!

आता खड्याच्या ग्लासात चमचा फिरवा. लगेच वेग वाढतो. न ढवळता ठेवले की खड्याभोवती दाट पाकाचा एक पातळ थर जमतो, आणि पुढची साखर सुटायला आधी त्या थरातून बाहेर पडावी लागते. चमच्याने आपण तो थर हलवतो. अमेरिकेत नॉइज आणि व्हिटनी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १८९७ साली हेच गणितात मांडले. बेन्झॉइक आम्ल आणि लेड क्लोराइड यांच्या कांड्या पाण्यात फिरवून त्यांनी दाखवले की भोवतालचे पाणी जेवढे कोरे तेवढा विरघळण्याचा वेग जास्त, आणि ते जसजसे दाट होत जाते तसा वेग मंदावतो. त्यांच्या डोळ्यांसमोर औषधाची गोळी नव्हती. पण आज जगभरात गोळी तयार करणारा प्रत्येक जण त्यांचेच समीकरण वापरतो.

फुटणे वेगळे, विरघळणे वेगळे

साधी पॅरासिटॅमॉलची गोळी पाण्यात टाकली तर काही मिनिटांत ती फुगते, तडकते आणि तिचा पांढरा गाळ होतो. आपण म्हणतो "विरघळली". नाही हो! ती फक्त फुटली. विरघळणे म्हणजे औषधाचा कण न् कण सुटा होऊन पाण्यात मिसळणे, आणि तसे झाल्याशिवाय औषध आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातच नाही.

ही फुटण्याची व्यवस्था मुद्दाम केलेली असते. गोळीत औषधाखेरीज बरेच काही असते. स्टार्चसारखा पदार्थ पाणी पिऊन फुगतो आणि गोळीला आतून फोडतो. दुसरा एखादा पदार्थ तिला बांधून ठेवतो, नाहीतर स्ट्रिपमधून काढतानाच भुगा हातात येईल. मॅग्नेशियम स्टिअरेट चिमूटभर घालतात, म्हणजे गोळी यंत्राच्या साच्याला चिकटत नाही. पण ते तेलकट स्वभावाचे. जरा जास्त पडले, किंवा जास्त वेळ घोटले गेले, की कणांवर त्याचा लेप बसतो आणि पाणी आत शिरेनासे होते. यंत्राचा दाब वाढला तरी तेच, गोळी दगडासारखी होते. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्याच पांढऱ्याशुभ्र, दोन्हींत औषध बरोब्बर ५०० मिलिग्रॅम, पण एक वेळेवर सुटते आणि एक सुटत नाही.

डोळ्यांनी कळत नाही म्हणून ते मोजावे लागते. इकडे येण्यापूर्वी मी तारापूरला एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो, तिथे दिवसचे दिवस हेच काम केले. गरम पाण्याच्या टाकीत गोल बुडाची काचेची सहा भांडी, प्रत्येकात साधारण ९०० मिली द्रावण. तापमान ३७ अंश, म्हणजे आपल्या शरीराचे, आणि त्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक चालत नाही. वरून होडीच्या वल्ह्यासारखी पाती मिनिटाला ५० वेळा फिरतात, तीही तळापासून २५ मिमी उंचीवर. एकेका भांड्यात एकेक गोळी सोडायची आणि ठरल्या मिनिटाला थोडे पाणी काढून त्यात किती औषध उतरले ते मोजायचे. पॅरासिटॅमॉलच्या साध्या गोळीला साधारण अर्ध्या तासात ८० टक्के उतरावे लागते. तेवढे उतरले नाही तर गोळीत औषध पूर्ण आहे म्हणून कोणी सोडत नाही.

ही चाचणी आली कशी, तर ठेच लागल्यावर. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिट्सच्या औषधाच्या, फेनिटॉइनच्या, कॅप्सूलमधले भरीचे द्रव्य बदलले. आधी कॅल्शियम सल्फेट होते, त्याऐवजी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरले. औषधाची मात्रा तीच होती. तरीही वर्षानुवर्षे तीच मात्रा घेणाऱ्या रुग्णांना झोकांड्या जाऊ लागल्या, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागले. नव्या कॅप्सूलमधून औषध जास्त प्रमाणात रक्तात जात होते, इतकेच. पुढे १९७१मध्ये हृदयविकाराच्या डिगॉक्सिन या औषधाबाबत अमेरिकेत असेच उघडकीला आले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सारख्याच मात्रेच्या गोळ्यांनी रक्तातले प्रमाण सातपटीपर्यंत वेगळे आले. अमेरिकेच्या औषधसंहितेत ही विरघळण्याची चाचणी १९७०मध्ये दाखल झाली होती. या प्रकरणांनंतर तिचे महत्त्व सगळ्यांनाच पटले.

हे आपल्याला कशासाठी, असे वाटेल. आपल्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईहून सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत घालून आणतात, त्या संपल्या की इथल्या फार्मसीतून दुसऱ्या कंपनीच्या घेतात, आणि सुट्टीवर गेले की पुन्हा जुन्या. बहुतेक औषधांना हे चालते. कंपन्यांना आपली गोळी मूळ गोळीसारखीच रक्तात उतरते हे दाखवावे लागते, तेव्हा उगाच घाबरू नका. पण फिट्स, थायरॉइड, रक्त पातळ करण्याचे औषध, असल्या बाबतीत ब्रँड बदलला तर डॉक्टरांच्या कानावर घाला आणि त्यांनी सांगितले तर रक्त तपासून घ्या. (येताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या इथे पूर्वपरवानगीशिवाय आणू नका. तो वेगळा विषय, पण गंभीर आहे.)

जाणूनबुजून सावकाश

आतापर्यंत असे वाटले असेल की गोळी जितकी लवकर विरघळेल तितकी चांगली. तसे नाही. खूपशा गोळ्या मुद्दाम सावकाश विरघळतील अशाच केलेल्या असतात.

माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका व्हिजिटवर मुलाकडे आले होते. वय ७८, गिळायला त्रास. सूनबाई गुणी, रोज त्यांची रक्तदाबाची गोळी कुटून जॅममध्ये कालवून द्यायच्या. तीन-चार दिवसांनी काका बाथरूममध्ये भोवळ येऊन बसले. मला बोलावले, मी म्हटले आधी स्ट्रिप दाखवा. निफेडिपिन, आणि पुढे लिहिलेले 'रिटार्ड'. म्हणजे कित्येक तासांत थोडे थोडे सुटायचे ते औषध खलबत्त्याने पाच मिनिटांत मोकळे केले होते! दाब एकदम खाली. डॉक्टरांकडे नेले, निभावले. पण सूनबाईंना किती अपराधी वाटले ते मी पाहिले आहे. आणि खरे सांगायचे तर चूक त्यांची नव्हती. 'ही कुटू नका' असे त्यांना भारतात आणि इथेही कोणीच सांगितले नव्हते.

तेव्हा नावापुढची अक्षरे वाचायची सवय लावा : एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एमआर, एक्सएल, रिटार्ड. यातले काहीही दिसले तर ती गोळी कुटायची नाही, चावायची नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन एसआरमध्ये पाणी लागले की डिंकासारखा चिकट थर तयार होतो आणि औषध त्यातून झिरपत बाहेर येते. काही गोळ्यांच्या कवचाला लेसरने पाडलेले बारीक भोक असते, त्यातून औषध हळूहळू ढकलले जाते आणि रिकामे कवच तसेच शौचावाटे बाहेर पडते. एक मावशी "गोळी अख्खीच पडली, पैसे फुकट गेले" म्हणून चिडल्या होत्या. त्यांचे पैसे फुकट गेले नव्हते, ते टरफल होते. मध्ये खाच असलेली काही सावकाश गोळी अर्धी करता येते, पण ते फार्मासिस्टलाच विचारा. अर्धी करणे आणि कुटणे यात फरक आहे.

दुसरा प्रकार आवरणाच्या गोळीचा. डायक्लोफेनॅकसारखी औषधे जठराला टोचतात, म्हणून त्यांच्यावर आम्लात न विरघळणारा थर देतात. अशी गोळी तपासताना आधी दोन तास आम्लात ठेवतात, तिला चीरही पडता कामा नये. मग कमी आम्लाच्या, आतड्यासारख्या द्रावणात टाकली की उघडली पाहिजे. आता ही गोळी दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाबरोबर घेतली तर जठरातले आम्ल कमी होते, गोळीला वाटते आतडे आले, आणि ती भलत्याच ठिकाणी उघडू शकते. पोटाला त्रास नको म्हणून दूध घ्यावे आणि त्यानेच त्रास व्हावा, असा प्रकार.

काही औषधांना उलट आम्ल लागतेच. इथल्या घामाने होणाऱ्या बुरशीच्या त्रासावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतात. त्या भरल्या पोटी घ्यायच्या असतात, आणि सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांच्या पोटात त्या नीट विरघळत नाहीत. मग "महिनाभर घेतली, गुण नाही" अशी तक्रार येते.

पोटात गेल्यावर

जठरात औषध फारसे शोषले जात नाही, ते काम मुख्यतः लहान आतड्याचे. म्हणून गोळी जठरातून पुढे किती लवकर सरकते यालाही महत्त्व आहे. तेलकट जेवणावर ती तासन् तास रेंगाळते. रिकाम्या पोटी ग्लासभर पाण्याबरोबर ती लवकर पुढे जाते. औषध कंपन्या चाचणीत साधारण २४० मिली पाणी देतात, म्हणजे अख्खा ग्लास. आपण काय करतो, तर घोटभर पाण्यात किंवा नुसत्या थुंकीवर गोळी ढकलतो! उन्हात काम करून अंगातले पाणी कमी झालेल्या माणसाने तर हे मुळीच करू नये. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी अन्ननलिकेला चिकटून राहिली तर तिथे जखम होते. फ्रिजचे पाणी की साधे, याने काही बिघडत नाही, पोटात ते पटकन कोमट होते. आणि आपले नळाचे पाणी जबल अलीच्या किनाऱ्यावर समुद्राचेच गोडे केलेले असते, त्यानेही गोळीला फरक पडत नाही. हा प्रश्न मला खरोखर दोनदा विचारला गेला आहे.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. रजत मित्तल यांच्या गटाने २०२२मध्ये एक गमतीशीर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाच्या जठराचे संगणकावर प्रारूप करून त्यांनी पाहिले की गोळी घेताना शरीराची स्थिती बदलली तर काय होते. उजव्या कुशीवर गोळी विरघळून पुढे जायला १० मिनिटे लागली, ताठ बसून २३, आणि डाव्या कुशीवर १००हून अधिक! जठराचा खालचा दरवाजा उजवीकडे असल्याने उजव्या कुशीवर गोळी थेट त्याच्या जवळ जाऊन पडते. आकडे वाचायला मजा येते, पण ते संगणकाचे आहेत, माणसांच्या पोटात मोजलेले नाहीत. शिवाय हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेट घेतल्यावर निदान अर्धा तास ताठच राहायचे असते. म्हणून माझे मत असे : गोळी बसून, भरपूर पाण्याने घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उशा लावून उठवावे, आणि नंतर टेकवताना डावी कूस टाळता आली तर टाळावी.

जिथे मिनिटाला किंमत आहे तिथे रस्ताच बदलतात. सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची असते, गिळायची नाही. तिथून औषध सरळ रक्तात जाते, गिळले तर यकृत त्यातले बरेचसे आधीच मोडून टाकते. छातीत दुखायला लागल्यावर देतात ती ॲस्पिरिन चावून घ्यायला सांगतात, तेही याचसाठी. १९९९च्या एका अभ्यासात ॲस्पिरिनचा रक्तावरचा निम्मा परिणाम चावल्यावर ५ मिनिटांत दिसला, अख्खी गिळल्यावर १२ मिनिटांत. अर्थात अशा वेळी पहिले काम ९९८ला फोन, आणि गोळी ते सांगतील तशी.

आता ती पिशवी

वहिनींची पिशवी परत का गेली ते आता सांगता येईल.

गोळीची एक्स्पायरी तारीख एका अटीवर असते : लिहिलेल्या तापमानात आणि मूळ वेष्टनात ठेवली तर. बहुतेक स्ट्रिपवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे असते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत ६० अंशांच्या पुढे पारा जातो. शिवाय किनाऱ्यावरची दमट हवा. गोळीतला स्टार्च ती ओल हळूहळू शोषतो आणि जी फुगण्याची ताकद पोटात वापरायची ती कपाटातच खर्च होते. कॅप्सूलचे जिलेटिन उष्णता आणि दमटपणाने असे कडक होते की पोटात नीट उघडत नाही. ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास यायला लागतो, ते तरी कळते. बाकीच्यांचे काहीच कळत नाही. वहिनींनी त्या गोळ्या एसीत सांभाळून ठेवल्या असतील, याबद्दल मला शंका नाही. पण पिशवीकडे बघून ते सांगता येत नाही, आणि सहा भांड्यांचे ते यंत्र मंडळाकडे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक सूचनांतही (पहिल्या १९९६च्या, सुधारित २०१०च्या) हेच आहे : एकदा रुग्णाला दिलेली औषधे परत घेऊन दान करू नयेत, आणि दिलेल्या औषधाची मुदत पोहोचताना किमान वर्षभर शिल्लक असावी. म्हणून आपण पैसे घेतो, तेही परवानाधारक संस्थेमार्फत, कारण या देशात देणगी गोळा करण्याचा तोच कायदेशीर मार्ग आहे. त्या पैशातून रुग्णाच्या नावाच्या चिठ्ठीवर फार्मसीतून ताजी, सीलबंद औषधे घेता येतात. कॅम्पमध्ये एका खोलीत सहा-आठ जणांबरोबर राहणाऱ्या माणसाला रक्तदाबाची गोळी द्यायची तर ती आपल्या घरातल्या माणसाला दिली असती तशीच हवी. पुढच्या खेपेला ती पिशवी घेऊन आलात तर आतल्या स्ट्रिप्सची नावे आम्हाला जरूर वाचून दाखवा. कोणती औषधे सर्रास लागतात त्याचा अंदाज येतो. पिशवी मात्र घरी न्यायची.

जाता जाता काकांचे. डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलून ॲम्लोडिपिन दिली. ती मुळातच रक्तात दीड-दोन दिवस टिकणारी, म्हणजे सावकाशपणा औषधातच आहे, गोळीच्या बांधणीत नाही. त्यामुळे ती कुटली तरी चालते, हे सूनबाईंनी या वेळी आधी विचारून घेतले. काका आता जॅमबरोबर गोळी घेतात, आणि गोळी नसेल त्या वेळीही जॅम मागतात.